दहा मीटरची नळी

काउंटरवर हवा भरायचे दोन पंप शेजारी शेजारी ठेवले होते आणि त्यातला एक आज संध्याकाळी पाच वाजता मुलीच्या आईचं काम राखणार होता किंवा घालवणार होता.

आईची टोइंगची गाडी होती. बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायच्या, नुसती हवा गेली असेल तर जागच्या जागी भरून द्यायची. गेल्या आठवड्यात जुन्या पंपाने भर वळणावर मान टाकली आणि एक अख्खं कुटुंब दोन तास रस्त्याच्या कडेला ताटकळलं. रस्ता सांभाळणाऱ्या कंपनीने लगेच फर्मान काढलं. नवा पंप आणा, आमचा तपासनीस समोर उभा राहून बघेल. एका गाडीची चारही चाकं रिकामी करायची, अर्ध्या तासात भरून दाखवायची. नाही जमलं तर तुमचा रस्ता दुसऱ्याला.

"हा घ्या डोळे मिटून," दुकानदाराने लाल पंपाच्या टाकीवर थाप मारली. "ट्रकचं चाकसुद्धा फुगवतो."

"ताई, हाच घे," मामा म्हणाला. तो आईचा धाकटा भाऊ, गाडीवरचा तिचा जोडीदार, आणि चकचकीत वस्तू दिसली की लोण्यासारखा विरघळणारा माणूस. "बघ की, कसा पैलवान दिसतोय."

मुलगी मात्र दुसऱ्या पंपापाशी वाकली होती. तो करडा होता, टाकी नसलेला, दिसायला अगदीच गरीब. तिने दप्तरातून दोरीचं भेंडोळं काढलं. सकाळी शाळेत जाण्याआधी तिने ती मोजून आणली होती. गाडीच्या बॅटरीपासून मागे ओढायच्या गाडीच्या शेवटच्या चाकापर्यंत, आणि तिथे एक गाठ.

"काका, लालची नळी पसरता का जरा?"

नळी पसरली. ती गाठीपर्यंतच्या निम्म्या दोरीवरच संपली.

"उरलेलं अंतर हवा चालत जाणार का?" मुलीने विचारलं.

"झाली आमची वकीलबाई सुरू," मामा म्हणाला.

"आणि इथे बारीक अक्षरात काय लिहिलंय वाच. दहा मिनिटं चालवा, वीस मिनिटं विश्रांती द्या. चाकं चार आहेत, मामा. तुझा पैलवान दुसऱ्या चाकाला झोपणार."

करड्याची नळी दहा मीटरची होती आणि तो सलग चालणारा होता. दुकानातल्या बॅटरीवर वीस मिनिटं चालवून पाहिला. मग आईने तिची नेहमीची परीक्षा घेतली. ज्या यंत्रावर दहा मोजेपर्यंत तळहात ठेवता येतो ते गाडीत, बाकीचं दुकानात. तिने दहा मोजले, हात उचलला, आणि मुलीकडे बघितलं.

"तुझ्या शब्दावर घेतेय."

एवढंच म्हणाली. मुलीची कॉलर ताठ झाली.

पाचला पाच मिनिटं कमी असताना तपासनीस आला. हातात कागद लावलेली फळी, गळ्यात घड्याळ, चेहरा दगडाचा. त्याने स्वतः बसून चारही चाकांची हवा सोडली आणि सावली बघून आईची गाडी आणि मागची गाडी यांच्या मधल्या फटीत उभा राहिला.

आईने इंजिन बंद केलं, किल्ली खिशात घातली. दोन गाड्यांच्या मध्ये माणूस असला की आईची गाडी बंद असायची आणि किल्ली आईच्या खिशात. मामाच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली त्या दिवसापासूनचा हा नियम होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती.

"सुरू करा," तपासनीस म्हणाला.

मुलीने पंपाचे चिमटे आईच्या गाडीच्या बॅटरीला लावले आणि नळी घेऊन धावली. पहिलं चाक सहा मिनिटांत. दुसरं सात. मामा दर मिनिटाला किती झालं ते विचारत होता आणि दर वेळी आई त्याला डोळ्यांनी गप्प करत होती.

तिसऱ्या चाकाला पंपाचा आवाज बदलला. आधी तो ठणठणीत ओरडत होता, आता कण्हायला लागला. काटा दहावर आला आणि तिथेच रेंगाळला.

"तापला," मामा कुजबुजला. "मी म्हणत होतो..."

आईने पंपावर तळहात ठेवला. एक, दोन, तीन. मुलगी तिचे ओठ बघत होती. दहा.

"नाही तापलेला," आई म्हणाली.

मग का कण्हतोय? घड्याळात सतरा मिनिटं झाली होती. मुलीने डोळे मिटून दुकान आठवलं. तोच पंप, तीच नळी. वीस मिनिटं एका सुरात चालला होता. काउंटरखाली बॅटरी होती, आणि बॅटरीला चिकटलेली जाड वायर भिंतीत गेलेली होती. चार्जर.

लालची बारीक अक्षरं तिने मामाला वाचून दाखवली होती. करड्याचीही वाचली होती, पण शेवटच्या ओळीवरून नुसती नजर फिरवली होती. वापरताना इंजिन चालू ठेवा.

"आई, बॅटरी दमलीये. इंजिन सुरू करावं लागेल."

आईचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. तिने फटीकडे पाहिलं. तपासनीस फळीवर काहीतरी लिहीत होता.

"ताई, कर ना सुरू," मामा म्हणाला. "हँडब्रेक आहे, चाकाला ठोकळे आहेत."

"तेव्हाही होते," आई म्हणाली.

मामा स्वतःच्या बुटाकडे बघत राहिला. मुलीने नळी खाली ठेवली. ती फटीपर्यंत गेली.

"साहेब, तिथून बाहेर या."

त्याने मान वर केली. "मला सांगतेस?"

"हो. तुम्ही मध्ये आहात तोवर आई गाडी सुरू करणार नाही. मग आम्ही नापास झालो तरी चालेल तिला."

त्याने तिच्याकडे, मग आईकडे बघितलं. घड्याळ चालूच होतं. मग तो हळूच सरकला, आणि बाहेर येताना फळीवर आणखी एक ओळ लिहिली. त्याला लिहिताना बघून मामाने डोळेच मिटले.

आई केबिनमध्ये चढली. इंजिनाने घसा खाकरला आणि पंप पुन्हा ठणठणीत ओरडायला लागला. नळी बाहेरच्या बाजूने वळसा घालून आधी अर्धवट राहिलेल्या तिसऱ्या चाकाला पोचली, मग पार शेवटच्या चाकाला. कुणालाही मध्ये पाऊल टाकावं लागलं नाही. मुलगी काट्याकडे बघत बसली. वीस. पंचवीस. तीस. बत्तीस.

"झालं."

तपासनीसाने घड्याळ दाबलं. अठ्ठावीस मिनिटं आणि काही सेकंद. त्याने चारही चाकं स्वतःच्या काट्याने तपासली, एकदा नाही, दोनदा. मग फळी आईपुढे धरली. खाली लिहिलं होतं, पास. त्याच्या वर, घाईच्या अक्षरात, माणूस मध्ये असताना गाडी सुरू केली नाही, बाकीच्यांनाही शिकवावे.

"एवढ्या लांब नळीचा पंप कुठे मिळाला?" त्याने विचारलं.

"आम्ही फार विचार करून निवडला," मामा छाती काढून म्हणाला.

मुलीने त्याच्याकडे असं बघितलं की तो नळी गुंडाळायला लागला. आईने इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि खाली उतरून तळहात ठेवला. या वेळी पंपावर नाही, मुलीच्या डोक्यावर.

"हे तापलंय," ती म्हणाली. "चल, पाणी पी. आणि उद्यापासून शेवटपर्यंत वाचत जा."