लाल झालेला पाय

हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. कुणाची पावलं बर्फासारखी थंड, कुणाला जरा चाललं की पोटरीत गोळा यायचा. स्टेजवर ऊबवाले गुरुजी एका म्हाताऱ्याचा पाय खांद्यावर घेऊन डोळे मिटून पुटपुटत होते. पाय पांढराफटक पडला. "बघा, दूषित रक्त उतरलं," गुरुजी माईकवर म्हणाले. मग त्यांनी तेल चोळलं, पाय खाली सोडला, आणि बघता बघता पाऊल लालबुंद झालं. टाळ्या थांबता थांबेनात.

शेवटच्या रांगेत उंदीरवाली बसली होती. हे नाव तिच्या थोरल्या भावानं ठेवलेलं. ती पशुवैद्य, उंदराच्या मागच्या पायाची रक्तवाहिनी बांधायची आणि औषध टोचून तिथे नव्या वाहिन्या फुटतात का ते बघायचं, यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. दिवसभर पिंजरे, आणि आता संध्याकाळी हे. तिला मनापासून वीट आला होता. पण पुढे दादा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून नंबराची वाट बघत होता, त्यामुळे उठून जायची सोय नव्हती.

दादा शिंपी. जन्मभर पायमशीन चालवलं आणि जोडीला सिगारेटी फुंकल्या. उजव्या पायाची धमनी तुंबली, अंगठ्याचं टोक काळं पडू लागलं. सर्जननं स्वच्छ सांगितलं होतं की आत्ता ऑपरेशन करून रक्ताला दुसरी वाट काढून दिली तर पाय वाचेल, उशीर केलात तर कापावा लागेल. दादानं मिळालेली तारीख रद्द केली आणि इथे आला.

"तुझे उंदीर झाले का बरे?" त्यानं सकाळीच विचारलं होतं.

"काही झाले."

"काहीच? गुरुजींकडे सगळे होतात."

ती पिंजऱ्यांकडे कामाला निघून गेली.

आता स्टेजवर दादाचा नंबर आला. पाय वर, मंत्र, तेल, पाय खाली, आणि पाऊल लाल. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती लाली कशाची हे तिला माहीत होतं. ती उठून स्टेजवर गेली.

लाल पंजा बघून हुरळायचं नाही, हा तिच्या प्रयोगशाळेतला रिवाज. एकदा औषध दिलेल्या उंदरांचे पंजे गुलाबी झाले आणि सगळ्यांच्या आनंदाला पारावार उरला नाही. मग शेजारचा पिंजरा उघडला, नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्या उंदरांचा. तेही पंजे गुलाबी. त्या दिवशी सगळे तोंड पाडून घरी गेले.

"गुरुजी, मंत्र आणि तेल सोडून एकदा करून बघू?"

"श्रद्धा नसलेल्या हाताला यश नाही, ताई."

"मग तुमचंच खरं ठरेल की."

लोकांना हे पटलं. तिनं दादाच्या पायाचं तेल पुसलं, त्याला आडवं केलं, टाच खुर्चीच्या पाठीवर टेकवली आणि गप्प उभी राहिली. पाय पांढरा पडला. मग त्याला बसवून पाय खाली सोडला. थोड्या वेळानं पाऊल लाल झालं, पहिल्याइतकंच.

गुरुजींनी घसा साफ केला. "ही या वास्तूची ऊर्जा आहे, भक्तहो. इथे कुणाच्याही हातून होणारच." आणि लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. तिनं वाद घातला नाही, दादाच्या दंडाला धरलं आणि त्याला घरी आणलं.

घरी कॉटवर तिनं तेच पुन्हा केलं. पाऊल लाल. मग शेजारी आडवी होऊन तिनं स्वतःचा पायही तसाच वर धरला आणि खाली सोडला. त्याचा रंग फारसा बदलला नाही.

"तुझा का नाही झाला?" दादानं विचारलं.

"माझा धड आहे म्हणून. तुझी मोठी नळी तुंबलीय. पाय वर केला की रक्त तिथवर चढतच नाही. खालच्या बारीक नळ्या रक्तासाठी सताड उघड्या पडल्यात, त्यामुळे पाय लोंबकळला की त्यांत रक्त साचतं. ती ही लाली. जितका आजार जास्त तितका रंग गडद. म्हणून तर ते स्टेजवर सगळ्यात वाईट पाय आधी घेतात."

"पण स्टेजवर पाऊल चाचपलं तेव्हा ऊब लागली होती हाताला."

"तेलात मिरचीचा अर्क आहे, पुसताना माझ्याही बोटांना झोंबला. तुझ्या तळहाताला लागला, ती ऊब हाताची."

दादानं तळहात पँटला पुसला. "म्हणजे टाळ्या माझ्या आजाराला पडल्या."

"हो."

चमत्कार दाखवणाऱ्याला बाकी काही विचारू नका. त्याचं तेल आणि त्याचा मंत्र काढून टाकल्यावर काय होतं, आणि धडधाकट पायाचं काय होतं, एवढं आपल्याच घरी बघा. हे बघायला ना शिक्षण लागतं ना पैसा.

"ऑपरेशननं वाचेल ना?" दादानं विचारलं.

ती दमली होती. हो म्हणून टाकणं सोपं होतं. "बऱ्याच जणांचा वाचतो. सगळ्यांचा नाही."

दादानं दुमडलेली पँट खाली केली. "चालेल. सर्जनला फोन लाव."