थंड खोलीतल्या बावीस बाटल्या

निवृत्तीला चार महिने उरले असताना प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांच्या हातात मेमो पडला. ‘थंड खोलीतल्या बावीस बाटल्या रिकाम्या करण्याचा आदेश दहा महिन्यांपूर्वी देऊनही पाळला नाही. आठ दिवसांत खुलासा करावा, अन्यथा नोकरीवरून कमी करण्यात येईल.’

खुलासा सोपा होता : आळस. पण तो कागदावर लिहायचा कसा?

बाटल्यांत हिमनदीच्या पोटातलं बर्फाचं पाणी होतं. त्यात हजारो वर्षं निजलेले सूक्ष्म जीव जागे होतील, ही प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांची आशा. या जिवांना ऊब सोसत नाही, हे सरांनीच पुस्तकात लिहिलेलं. पण आशा वेडी असते. सर रोज प्रत्येक बाटली बाहेर आणून खिडकीशी उजेडात धरायचे. सहा महिने पाणी नितळच राहिलं, तेव्हा वैतागून म्हणाले, “मामा, ओतून टाका.”

“त्या खोलीत गेलं की गुडघे धरतात गं,” मामांनी घरी बायकोला सांगितलं. “उद्या उद्या करत राहिलो.”

“माळा आवरायचं तुम्ही पंचवीस वर्षं उद्यावर ढकलताय. मला मेमो काढता येत नाही, म्हणून वाचलात.”

दुसऱ्या दिवशी मामा बादली घेऊन गेले. सोबत सरांची विद्यार्थिनी होती, मोजायला. पहिली बाटली तिरकी केली आणि ती म्हणाली, “मामा, थांबा. ओतू नका.”

तळाशी गुलाबी साय धरली होती. बावीसपैकी एकोणीस बाटल्यांत. ज्याला राखायचं, त्याला देव बर्फातही राखतो. कधीकधी त्यासाठी एखाद्याचे गुडघे दुखवतो, इतकंच.

सर धावत आले. डोळे भरले होते. “दहा महिने कुणीच हात लावला नाही?”

“नाही सर. चुकलंच माझं.”

सरांनी शोधनिबंधात लिहिलं : ‘नमुने अत्यंत संयमाने, हेतुपुरस्सर दहा महिने अस्पर्शित ठेवले.’ संयमच होता म्हटल्यावर आळस उरला कुठे? मेमो मागे घेतला गेला. उलट नवा आदेश निघाला : निवृत्तीपर्यंत बाटल्यांकडे मामांनी जातीने लक्ष द्यावं.

एवढा विश्वास मामांवर उभ्या नोकरीत कुणी टाकला नव्हता. दुसऱ्याच सकाळी गुडघ्यांना लोकरी पट्टे बांधून ते थंड खोलीत शिरले. लक्ष कसं देतात, हे ते सरांना पाहून शिकलेलेच होते.

विद्यार्थिनी आली तेव्हा मामा खिडकीशी, उन्हात उभे होते. एक बाटली दोन्ही तळव्यांत मायेने धरलेली. बाकीच्या एकवीस कट्ट्यावर ओळीने वाट पाहत होत्या.