दोन मीटर आणि जांभळा कोबी

पाणीपुरवठा केंद्रातल्या तपासनिसाला सगळे 'साडेसात' म्हणत. शहराला जाणाऱ्या पाण्याचा पीएच तो वर्षानुवर्षं साडेसाताच्या आसपास राखत आला होता. सातच्या खाली गेलं की पाणी आंबटाकडे झुकतं आणि जुने लोखंडी नळ कुरतडत बसतं. फार वर गेलं की नळांत पांढरी पुटं चढतात. "नशीब माझं, लोक साडेसाती म्हणत नाहीत," असं त्याची बायको येईल त्या पाहुण्याला सांगे.

माणूस कामात चोख, पण स्वभाव असा की दाराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेला की परत येऊन ते ओढून बघणार. आणि आपण नीट ओढलं होतं का, या शंकेने पुन्हा परत येणार.

अशा माणसावर त्या रविवारी ठामपणे बोलायची पाळी आली होती. लोकरीच्या गिरणीतून तक्रार आली होती, की तुमच्या पाण्याचा पीएच साडेआठ झालाय आणि आमच्या लोकरीवर रंग डागाळतोय. मोठे साहेब म्हणाले होते, "गिरणीचं खरं असेल तर पाण्यात सोडतो तो चुना सोमवारपासून निम्मा करू. रविवारी दुपारी फोन करतो. मला 'बहुतेक' नको, 'असावं' नको. एक आकडा हवा."

गिरणीचं खोटं असेल आणि चुना निम्मा झाला, तर पाणी आंबटाकडे जाऊन शहरभर नळांतून गंजाचं तांबडं पाणी येणार. हे साडेसातला दिसत होतं. पण गिरणीत पाणी तपासणारा रंगमास्तर म्हणजे त्याचा सख्खा व्याही! लेक त्याच घरात दिलेली. व्याह्याला खोटं पाडायचं कोणत्या तोंडाने? आणि मुळात आपलाच मीटर चुकत नसेल कशावरून?

शेवटी बायकोनेच व्याह्यांना जेवायला बोलावलं. "दोघं आपापली यंत्रं घेऊन बसा आणि काय ते मिटवा. माझी पोर मधल्यामधे निरोप नेऊन दमली."

रंगमास्तर आला तो मीटरची पेटी तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून. मागून विहीणबाई आणि लेक.

"व्याही, जेवण नंतर. आधी तुमच्या पाण्याची नाडी बघू."

"बघा ना. म्हणजे... माझंही चुकत असेल."

"बाबा," लेक म्हणाली, "अजून सुरुवात नाही झाली आणि तुम्ही हरलात सुद्धा?"

एकाच पातेल्यात नळाचं पाणी घेतलं. दोन्ही मीटरच्या काचेच्या कांड्या त्यात शेजारी शेजारी बुडाल्या. साडेसातच्या मीटरने दाखवलं साडेसात. रंगमास्तरच्या मीटरने साडेआठ.

"बघा!" दोघांच्या तोंडून एकदम निघालं. एकाचं मोठ्याने, एकाचं पुटपुटत.

मीटर वापरण्याआधी तो प्रमाण द्रावणात बुडवून जुळवून घ्यावा लागतो. त्या द्रावणाचा पीएच बरोब्बर सात असतो, तेव्हा काटा सातावर आणून ठेवायचा. दोघांनी आपापली बाटली आणलीच होती. साडेसातचा मीटर त्याच्या बाटलीतल्या द्रावणात सात दाखवत होता, रंगमास्तरचा त्याच्या बाटलीतल्या. बाटल्यांची अदलाबदल केली, तर साडेसातच्या मीटरने व्याह्याच्या द्रावणाला सहा म्हटलं आणि रंगमास्तरच्या मीटरने साडेसातच्या द्रावणाला आठ. वाद होता तिथेच राहिला.

"तुमचं द्रावण बिघडलंय," रंगमास्तर म्हणाला.

"असेल... पण तुमचं तर मीच दिलंय ना? तुमच्याकडचं संपलं म्हणून माझ्या मोठ्या बाटलीतून काढून दिलं. दोन्ही एकच."

"मग एकाच आईची दोन लेकरं अशी उलटी कशी निघाली?"

"घरोघरी निघतात," विहीणबाई आतून म्हणाल्या, आणि सगळे हसले. साडेसात सोडून. त्याची नजर फोनकडे होती.

लेक स्वयंपाकघरात जांभळा कोबी चिरत होती. ती एकदम थांबली. "बाबा, लहानपणी तुम्ही मला या कोबीच्या पाण्याची जादू दाखवायचात, आंबटात लाल आणि सोड्यात हिरवं. त्याला कुठलं द्रावण लागतं? कोबी कुणाच्या बाजूचा नसतो."

साडेसात उठला, पण अडखळला. "जादू खरी गं. पण साडेसात आणि साडेआठ यांतला फरक डोळ्यांनी ओळखायचा म्हणजे..."

"पप्पा ओळखतील," लेक सासऱ्याकडे बघत म्हणाली. "निळ्याच्या चाळीस छटा नावानिशी सांगतात ते."

रंगमास्तरची छाती फुगली. कोबी उकळला, जांभळं पाणी गाळलं. एका पांढऱ्या कपात नळाचं पाणी, दुसऱ्यात खायच्या सोड्याचं. सोड्याचं पाणी सव्वाआठाच्या आसपास असतं हे दोघांनाही ठाऊक होतं. नळाचं पाणी खरंच साडेआठ असेल तर ते सोड्याच्या पाण्याइतकंच हिरवट दिसायला हवं.

दोन्ही कपांत कोबीचं पाणी पडलं. रंगमास्तर कप घेऊन खिडकीत गेला. डोळे बारीक केले, मान तिरपी केली.

"सोडा हिरवटावर गेलाय," तो म्हणाला. मग दुसरा कप उजेडात फिरवला. "नळाचं पाणी जांभळटच आहे. निळं म्हणू म्हटलं तरी म्हणवत नाही. व्याही, माझा मीटर खोटं बोलतोय."

त्याने मान खाली घातली, तोच काहीतरी आठवून वर केली. "म्हणजे, पाणी साडेआठ समजून मी रंगात जास्तीचं आम्ल ओतत होतो! आम्ल वाढलं की रंग लोकरीवर एकदम झडप घालणार नाही तर काय करेल? डाग मीच पाडले."

"पण द्रावण बिघडलं कसं?" साडेसातला ते सोडवेना.

तेवढ्यात त्याची बायको ताटं मांडायला बाटल्या उचलू लागली. रंगमास्तरची बाटली उचलताना थबकली. बूच काढून नाकाशी नेलं. "अहो, ही माझी व्हिनेगरची बाटली! किती शोधली मी. व्याह्यांना द्रावण देताना हीच उचललीत?"

"धुतली होती," साडेसात क्षीण आवाजात म्हणाला.

"धुतली की नुसतं पाणी फिरवलंत? कुलूप तीनदा ओढून बघता, बाटली एकदा हुंगता आली नाही?"

"म्हणजे व्हिनेगरने द्रावण सहावर उतरलेलं, आणि मी त्यालाच सात समजून काटा लावला," रंगमास्तर म्हणाला, "म्हणून माझा मीटर सगळं एकाने चढं सांगत होता!"

तोच फोन वाजला. साडेसातने तो स्वतःच उचलला.

"साहेब, चुना आहे तेवढाच ठेवा. पाणी साडेसात आहे."

"बहुतेक?"

"नाही साहेब. आहे." मग तो म्हणाला, "गिरणीचा मीटर चुकला तो माझ्यामुळे. मी दिलेलं द्रावण खराब होतं."

"काय बोलता, व्याही!" रंगमास्तर फोनकडे झेपावला. "साहेब, हुंगल्याशिवाय वापरलं ते मी! चूक माझी!"

"माझी!"

"अहो, माझी म्हणतोय ना!"

फोनमधून साहेब म्हणाले, की आपसात ठरवा आणि उद्या एक नवी बाटली गिरणीला पाठवा. फोन ठेवल्यावरही दोघांचं ठरलं नव्हतं. लेकीने वाद मिटवायला दोघांच्याही ताटात कोबी वाढला, नव्या बाटलीतलं भरपूर व्हिनेगर घालून. जांभळ्याचा तो लालभडक झाला.

रंगमास्तरने ताट उजेडात धरलं. "वा! हा रंग मात्र एकसारखा चढलाय."

साडेसातच्या बायकोने हातातली बाटली रिकामी करून स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवली आणि कपाटाची कडी लावली. साडेसातने ती ओढून बघितली. एकदाच.