तिसरा बुधला

वडिलांना पुरून अकरा दिवस झाले होते. शनिवार होता, म्हणून नीवेस तळघरात उतरली. दर शनिवारी पिंप काठोकाठ भरून घेण्याचे काम तिच्या वडिलांनी, सेकोन्दोने, चाळीस वर्षांत कधी चुकवले नव्हते. लाकूड वाइन पिते, पिंपाच्या तोंडाशी पोकळी पडते आणि तिथे हवा साचली की वाइन आंबते. म्हणून बुधल्यात राखून ठेवलेली त्याच द्राक्षाची वाइन वरून ओतायची आणि बूच ठोकायचे.

तिने भिंतीपासूनच्या तिसऱ्या बुधल्याला हात घातला. तो अर्ध्याहून अधिक रिकामा होता. गळ्यातल्या चिठ्ठीवर तिच्याच अक्षरात लिहिले होते: बार्बेरा. घरच्या जेवणातली. पिंपातली वाइन नेब्बिओलो या दुसऱ्या द्राक्षाची होती आणि तिचा बुधला पाचवा होता. भरलेला, बुचावरचे मेणही न मोडलेले.

नोव्हेंबरात फरशी धुताना तिने बुधले हलवले होते आणि परत ठेवताना क्रम बदलला होता. सांगायचे राहून गेले. मोतीबिंदूमुळे सेकोन्दोला चिठ्ठी वाचता येत नव्हती. तो भिंतीपासून हाताने चाचपत मोजून तिसरा बुधला उचलत असे.

दाताच्या डॉक्टरने सुन्न केलेल्या गालाला आपणच बोट लावून पाहावे, तसे तिने स्वतःच्या मनाला चाचपले. काहीच लागले नाही.

स्वयंपाकघरात तिची आई इर्मा पीठ लाटत होती. धाकटा भाऊ एल्विओ डुकराच्या मांसाची सलामी कापत होता. नीवेसने दोघांना सगळे सांगितले.

"किती गेली असेल?" एल्विओने विचारले.

"वीसेक लिटर."

"अडीच हजारांत वीस! अगं, नाकात दुर्बीण घातली तरी कुणाला कळायचं नाही."

"बारोलो म्हणून विकायची तर नेब्बिओलोत दुसऱ्या द्राक्षाचा थेंब चालत नाही."

"मला शिकव आता! गुरुवारी बाटल्या भरायची गाडी येतेय. पप्पांच्या टेकडीचं नाव घालून लेबलं छापून आलीत. त्यांची शेवटची वाइन आहे ती, नीवेस."

"साधी लाल वाइन म्हणून जाईल."

इर्माने लाटणे थांबवले. "आणि लोक काय म्हणतील? म्हातारा शेवटी आंधळ्यासारखा ओतत बसला. खालच्या आळीतला तो तेरेन्सिओ पत्ते पिसता पिसता सगळ्या बारला सांगेल."

"बुधले मी हलवले. तेच सांगायचं."

"मग विचारतील, ओतण्याआधी सेकोन्दोनं चाखली नाही का?"

"औषधांनी त्यांची चव गेली होती, आई."

"मला माहीत आहे. गावाला नाही. त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं."

ज्याच्या जिभेवर अख्खी टेकडी विश्वास ठेवत होती, त्याला शेवटच्या वर्षी पाणी आणि वाइन सारखीच लागत होती, हे या तिघांनाच ठाऊक होते.

"मग असं सांगू," नीवेस म्हणाली, "की हिवाळाभर पिंप मीच भरत होते. पप्पा खाली उतरलेच नाहीत."

"वेडी आहेस का?" एल्विओ म्हणाला. "पुढं ही वाइन तुलाच करायची आहे. कोण घेईल तुझ्या हातची?"

"बघू."

"आई, तू तरी सांग हिला!"

इर्माने लाटणे पुन्हा उचलले. "ते सलामीचे काप आणखी पातळ कर," ती म्हणाली. "जोड्यांचं चामडं कापतोयस का?"

गुरुवारी सकाळी गाडी अंगणात लागली. गाडीवाला पिनोत्तो आसपासच्या साऱ्या घरांच्या बाटल्या भरून देई. इथे कळलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत तीन गावांत पोचत असे. त्याने लेबलांचे भेंडोळे उलगडून पाहिले.

"अहो, हे साधं लेबल आहे. टेकडीचं कुठाय? ही सेकोन्दोची वाइन ना?"

"त्यांचीच. वरून भरायचं काम माझ्याकडं होतं. मी बार्बेरा ओतली."

पिनोत्तोने शीळ घातली. "तुम्ही? सेकोन्दोच्या मुलीनं?"

नीवेसने लाज वाटण्याची वाट पाहिली. ती आली नाही.

तिच्यामागे इर्मा रिकाम्या बाटल्या गाडीतल्या यंत्राच्या पट्ट्यावर चढवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "लहानपणापासून अशीच आहे ही. धांदरट. बाप सांगून सांगून थकला."

पिनोत्तो ओशाळून हसला आणि त्याने यंत्राचा खटका दाबला. पट्टा सरकू लागला. पहिली बाटली भरून, बूच बसून नीवेसच्या हातात आली. ती तिने खोक्यात आडवी ठेवली आणि दुसरीसाठी हात पुढे केला.