द्वारकाबाईंच्या कढईचा पंचनामा

द्वारकाबाईंनी अंगणवाडीत एकवीस वर्षं काढली. पुसेगावच्या पलीकडच्या त्या गावात आज मिसरूड फुटलेलं प्रत्येक पोरगं त्यांच्या हातची खिचडी खाऊन वाढलेलं. आता सुपरवायझरची जागा निघाली होती आणि तिला पदवी लागत होती. पदवी अडली होती कुठं? तर दोन क्रेडिटवर. बी.ए.चं बाकी सगळं बाईंनी बाहेरून परीक्षा देत काढलं होतं. हे शेवटचे दोन क्रेडिट ऑनलाइन कोर्स केला तर मिळणार होते. हिंगोलीला राहणाऱ्या लेकीनं, प्रतिक्षानं, फोनवर यादी वाचून दाखवली. शेअर बाजार, मधमाशीपालन, फौजदारी न्यायाची तोंडओळख.

"फौजदारीच टाक माय," बाई म्हणाल्या. "मधमाशा चावतेत."

तीन महिने बाईंनी मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून संपदा मॅडमचे व्हिडिओ पाहिले. भाकरी थापता थापता फिर्यादी, आरोपी, जामीन सगळं तोंडपाठ झालं. नवरा, देविदास, भाजीत मीठ कमी आहे म्हणाला की बाई विचारायच्या, "पुरावा?" बिचारा मुकाट्यानं जेवू लागला.

शेवटचं काम तेवढं राहिलं होतं. एका काल्पनिक चोरीचा पंचनामा लिहायचा. जागेचं मोजमाप, फोटो आणि ज्यांचा प्रकरणाशी काडीचा संबंध नाही अशा दोन पंचांच्या सह्या. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत अपलोड, नाहीतर नापास. पुढच्या वर्षी बाई वयाच्या अटीतून बाहेर पडणार होत्या. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

शुक्रवारी अंगणवाडी सुटल्यावर बाईंनी स्वतःचीच लोखंडी कढई पलंगाखाली सरकवली आणि ती चोरीला गेली असं ठरवलं. चुलीपासून दारापर्यंत टेप लावून झाला. राहिले पंच. रस्त्यानं शेजारचा भिवाजी चालला होता.

"भिवाजीदादा, पंचनामा करून राहिले मी. सहीला दोन मानसं पाठवा बरं."

घोटाळा झाला तो इथंच. पावसानं नाला फुटला, काठचं सोयाबीन झोपलं, त्याला तीन आठवडे झाले होते. सारं गाव तलाठ्याच्या वाटेकडं डोळे लावून बसलेलं. त्या गावात पंचनामा म्हणजे पिकाचा, दुसरा कुठला असतो हे कुणाच्या गावीही नव्हतं. आणि तो बाई करतात याचं तरी कुणाला नवल वाटावं? सरकारनं त्यांना संडास मोजायला लावले, मतदार मोजायला लावले, एका वर्षी तर गाढवं मोजायला लावली. मग सोयाबीन काहून नाही?

पाव तासात अंगण भरलं. प्रत्येकाच्या हातात सातबारा, आधार, पासबुक.

"अवो, हे कढईचं हाय!" बाई ओरडल्या.

"कढईचं बी मिळून राहिलं का?" मागून कुणीतरी विचारलं, आणि दोघी बायका आपापल्या कढया आणायला लगबगीनं घरी पळाल्या.

आता मात्र बाईंचं डोकं फिरलं. "माझी परीक्षा हाय रे बाबांनो! पाचला बंद होते! मी लिहिलं तरी तुमाला एक दाना भरून मिळनार न्हाई. जावा घरी!"

जागचं कुणी हललं नाही. मग भिवाजी म्हणाला, "न्हाई तर न्हाई, बाई. पर इतक्या दिसात कुनी बघाया बी आलं न्हाई. शेंगा काळ्या पडल्या. हरभऱ्याला रान मोकळं कराया लागंल. येकदा नांगर फिरला की इथं पीक होतं, हे कोन म्हननार? तुमी लिहा. कुनीतरी लिहिलेलं तर राहील."

बाईंनी घड्याळ पाहिलं. साडेतीन वाजले होते. मग टेप उचलला. "चला. चोरी ती चोरीच."

नाल्यावर सगळेच सहीला पुढं सरसावले. "मागं सरा!" बाई गरजल्या. "तुमी समदे हितसंबंधी! ज्याला रान न्हाई तो पंच." गावात असे दोघंच सापडले, किराणा दुकानवाला वैजनाथ आणि गिरणीवाला रणजीत. आयुष्यात पहिल्यांदाच रान नसल्याचा दोघांना मान मिळाला. रणजीत तर पिठाचे हात धुऊन आला.

बाईंनी बांधन् बांध मोजला, काळ्या शेंगांचे फोटो काढले आणि वहीत लिहिलं: 'घटनास्थळ: नाल्याकाठचं रान. चोरीस गेलेला माल: अकरा जणांचं सोयाबीन. आरोपी: नाला. जागेवर हजर आहे, पण उत्तर देत नाही.'

रेंज यायची फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर. बाई वर, गाव खाली. चार बावन्नला मोबाइलवरचं चक्र फिरू लागलं ते फिरतच राहिलं. चार अठ्ठावन्नला गेलं एकदाचं. खाली शिट्ट्या वाजल्या.

आठवड्यानं निकाल आला. संपदा मॅडमनी लिहिलं होतं, 'घटना काल्पनिक असावी असे सांगितले होते. तरीही मोजमाप, फोटो आणि पंच निर्दोष. उत्तीर्ण.' बाईंनी ते तीनदा वाचलं आणि पदरानं डोळे पुसले. त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतंच, देविदासनं दोनदा वाढून घेतलं.

आणखी दहा दिवसांनी तलाठी आला. रानात हरभरा टरारून वर आलेला. "काय बघू आता?" तो चिडून म्हणाला. गावानं अंगणवाडीकडं बोट दाखवलं.

लेकरांच्या बुटक्या खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन त्यानं बाईंचा पंचनामा वाचला. तारीख पाहिली, फोटो पाहिले, पंच पाहिले. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, हे तर बराबर हाय. एक नक्कल द्या ना, मी जोडतो."

एकवीस वर्षं प्रत्येक साहेबानं बाईंकडं असाच कागद मागितला होता आणि बाईंनी मान खाली घालून दिला होता.

"देते की, भाऊसाहेब," बाई म्हणाल्या. "लेखी अर्ज करा. उशीर काहून झाला ते बराबर लिहा. आन खाली दोन पंचांच्या सह्या घ्या."

तलाठ्यानं इकडं तिकडं पाहिलं आणि पेन काढला. वैजनाथ आणि रणजीत हात धुऊन दारात उभेच होते.