सूर्य कोण होणार

नाल्यात म्हैस मरून पडलेली. कुत्री आहेत, गिधाड एकही नाही.

मळणीनंतरचं सोयाबीनचं कुटार, वाऱ्यावर.

फळ्यावर: ऊर्जा एकाच दिशेनं जाते. द्रव्य फिरून परत येतं.

चुलीवर तुरीचं वरण.

लाल लोकरीचा गुंडा.

मेडशीच्या शाळेतली सातवीची पोरं विज्ञान प्रदर्शनात अन्नजाळं उभं करणार होती. गळ्यात पाट्या, हातात लोकर. कोण काय होणार, यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. धम्मदीपाला सूर्य व्हायचं होतं. सूर्य कुणाचं खात नाही, सगळे त्याचंच खातात, म्हणून. आणि निघालाही सूर्यच. तिनं चिठ्ठी दोन्ही हातांनी धरून सरांना दाखवली.

सरांनी ती वाचली, खिशात घातली. "सूर्य उंच पाह्यजे. वीरेंद्र होईन. तू गिधाड हो."

"काहून सर? मले सूर्य आला नं."

"अवं, गिधाड म्हंजे निसर्गाचा सफाई कामगार. लय मोठं काम आहे. तुमच्या घरी तं ते शिकवाही नाही लागत."

वर्ग खदखदून हसला. मागून वीरेंद्र म्हणाला, "नाल्यात म्हैस पडली, जातं का वं जेवाले?"

घरी तिच्या आईनं, बेबीताईनं, ऐकलं आणि सांडशी हातातच राहिली. "आपल्या लोकाइनं मेलेली ढोरं ओढणं सोडलं, त्याले जमाना झाला. अन् हा मास्तर अजून वाट पाहून राह्यला? उद्या येतो मी शायेत."

"नको माय. मंग ते मले काहीच होऊ देनार नाहीत."

प्रदर्शनाला तालुक्याचे साहेब आले. लोकर सूर्यापासून निघाली, गवताकडे गेली, गवताकडून म्हशीकडे. म्हैस मेली. लोकर गिधाडाकडे आली. गिधाडानं ती मातीला द्यायची, मातीनं परत गवताला.

पाठ केलेलं वाक्य धम्मदीपानं म्हटलंच नाही.

"मी गिधाड. आमी हे काम सोडलं. आता तुमचं तुमी पाहा."

तिनं लोकर सोडली, पाटी काढून जमिनीवर ठेवली आणि खाली बसली. सगळं जाळं ढिलं पडलं.

मग साहेबांनीच टाळ्या वाजवल्या. "वा! एक घटक गेला, की साखळी तुटली! काय कल्पना आहे, सर!"

सरांनी हात जोडले. बक्षीस शाळेला मिळालं. फोटोच्या वेळी कुणीतरी पाटी उचलून धम्मदीपाच्या गळ्यात परत घातली.

सूर्याचा मुकुट चिठ्ठ्या टाकायच्या आधीच, वीरेंद्रच्या डोक्याच्या मापानं शिवून आला होता.