पुजलेल्या टाकीला भोक

मालकाच्या पुजेपायी माझा जीव मेटाकुटीला आल्ता. मी त्यांचा डायव्हर. मालक रामरावांनी जीपचं पेट्रोल इंजिन काढून डिझेलचं बसवलं. डिझेल इंजिन सगळं पीत न्हाई, उरलेलं पाइपातून माघारी धाडतं. ते टाकीत पडायला टाकीला वरून एक भोक पाडावं लागतं. पण मालकांनी दसऱ्याला टाकी पुजलेली, वर कुंकवाचं स्वस्तिक. "पुजलेल्या वस्तूवर घाव घालायचा न्हाई, संपत!" झालं. भुजंग मिस्त्रीनं कपाळ बडवलं अन् माघारीचा पाइप शिटामागं एका डब्यात सोडला. डबा भरला की मी उतरून टाकीत रिकामा करायचा. काय ही तऱ्हा!

त्या दुपारी मालकाची लेक उषाताई अडली. बाळ आडवं होतं. सुईण चांगुणाबाईनं हात टेकले, "जालन्याला न्या जल्दी." घनसावंगीहून निघालो. मागं उषाताई आडवी, उशाशी तिची माय नंदाबाई, मालक माझ्या शेजारी.

अंबड मागं पडलं अन् डिझेलचा वास आला. वळून बघतो तर डबाच न्हाई! पाइप मोकळा लोंबतोय, अन् रस्त्यावर ओली धार.

"डबा कुठंय?"

"पोरीला पाय लांबवायला जागा नव्हती," मालक म्हणले. "तू हँडल मारून राह्यला होता, तव्हा घरीच उतरवला."

"अहो, अर्धं डिझेल सांडलं की!" मालकावर मी पहिल्यांदाच वरडलो. गाडी उभी केली, पण पुन्हा हँडल मारायला लागू नये म्हणून इंजिन चालूच ठेवलं. टाकीत काडी घालून बघितली, तळाला आल्तं. असंच सांडत गेलं तर जालना बिलकुल गाठत नव्हतं. टाकीचं तोंड बाहेरच्या अंगाला, पाइप तिथवर पुरंना.

"आई गं, मरते मी!" उषाताई किंचाळली.

"आवो, बघून काय राह्यले? करा काहीतरी!" नंदाबाई रडकुंडीला आल्या.

मी माझं शीट उचललं. खाली टाकी, वर ते स्वस्तिक. लोखंडी टामी अन् पेचकस घेतला, पण हात उचलंना.

"मालक, लेक जाईल. देव कुठं पळून चालला न्हाई!"

मालकांनी हात जोडले अन् माझ्या हातातलं हिसकून घेतलं. "म्या पुजली, म्याच फोडतो." कुंकवावरच घाव घातला. भोक पडलं. मी पाइप आत खुपसला, नंदाबाईनं गाठोड्यातला साबण काढून भोवती लिंपला.

"दणक्यानं निसटंल," मालक म्हणले अन् मागं वाकून पाइप धरून बसले. मी शीट टेकवून गाडी पळवली. इंजिन मधीमधी खोकत होतं.

दवाखान्याच्या फाटकातच इंजिन बंद पडलं, टाकी कोरडी ठाक. उषाताईला आत नेलं, माय मागं पळाली. मालक तिथंच, पाइप धरून.

"मालक, सोडा आता. गाडी बंद हाय."

"लेकरू रडू दे आधी."

मी बी तिथंच उभा राह्यलो. बऱ्याच वेळानं आतून बाळाचा टाहो आला, अन् पाठोपाठ नंदाबाईचा आवाज, "दोघं बी बरे हायेत!"

तव्हा कुठं मालकांनी हात काढला. तळव्याला डिझेल अन् कुंकू. त्याच हातानं डोळे पुसायला लागले.

"अहो मालक," मी त्यांचं मनगट धरलं, "डोळ्यात डिझेल जाईल की!"